क्रोममध्ये साइट उघडते, अ‍ॅपमध्ये नाही: इंटरमीडिएट सर्टिफिकेट नीट कसं लावायचं

तुमची अडचण थोडक्यात अशी. उबुंटूचा सर्व्हर, त्यावर एनजिनएक्स हा वेबसर्व्हर. साइटची ओळख पटवणारं जुनं सर्टिफिकेट संपत आलं म्हणून रीसेलरकडून नवं घेतलं, झिपमधली डोमेनच्या नावाची फाइल जुन्या फाइलच्या जागी ठेवली आणि एनजिनएक्स रीलोड केलं. लॅपटॉपवर क्रोममध्ये साइट बिनतक्रार उघडते. अँड्रॉइड अ‍ॅप मात्र ‘ट्रस्ट अँकर फॉर सर्टिफिकेशन पाथ नॉट फाउंड’ असं म्हणत अडतं आणि पेमेंट गेटवेचे वेबहुक (व्यवहाराची खबर देणारे आपोआप संदेश) त्याच दिवसापासून येईनासे झालेत. सर्टिफिकेटच सदोष आहे का, रीसेलरकडून पुन्हा काढून घेऊ का, की अ‍ॅपमधली तपासणी बंद करून मोकळा होऊ, असं तुम्ही विचारलंय.

सर्टिफिकेटमध्ये दोष असण्याची शक्यता फार कमी आहे. या लक्षणांवरून दिसतं की तुमचा सर्व्हर साखळीतलं फक्त पहिलं सर्टिफिकेट पाठवतोय आणि मधलं पाठवतच नाहीये. रीसेलरने पुन्हा काढून दिलं तरी तुम्ही ते याच पद्धतीने लावलंत तर हेच होणार. अ‍ॅपमधली तपासणी बंद करणं हा तर उपायच नव्हे. तसं केलं की सार्वजनिक वाय-फायवर मध्ये बसलेला कोणीही स्वतःचं सर्टिफिकेट पुढे करेल आणि अ‍ॅप ते मुकाट्याने स्वीकारेल. शिवाय पेमेंट गेटवे त्याच्याकडची तपासणी तुमच्यासाठी बंद करणार नाही. दुरुस्ती सर्व्हरवर आहे आणि ती एका फाइलची आहे.

आधी साखळी समजून घेऊ, कारण पुढची प्रत्येक चूक तिथूनच कळते. तळाला तुमच्या डोमेनचं सर्टिफिकेट असतं, त्याला लीफ म्हणतात. त्यावर सही इंटरमीडिएटची, इंटरमीडिएटवर सही रूटची आणि रूटची सही स्वतःचीच. फोन, लॅपटॉप, जावा यांच्यात आधीपासून भरलेली असतात ती रूट सर्टिफिकेटं. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था रूटची प्रायव्हेट की नेटवर्कपासून तोडून कडेकोट ठेवतात, कारण ती फुटली तर जगभरच्या यंत्रांतून ते रूट काढून टाकायला वर्षं लागतील. रोजच्या सह्या इंटरमीडिएटच्या कीने होतात. ते रद्द करून दुसरं काढणं त्या मानाने सोपं असतं. याचा परिणाम असा की लीफ आणि रूट यांच्यातला दुवा समोरच्या यंत्राकडे असेलच असं नाही, आणि टीएलएसच्या, म्हणजे एचटीटीपीएसमागच्या सुरक्षित जोडणीच्या, नियमांप्रमाणे तो पुरवायचं काम सर्व्हरचं आहे. जमिनीच्या फाइलमध्ये मूळ मालकाचा उतारा आहे, तुमच्या नावाचं खरेदीखत आहे, पण मधल्या मालकाचं खरेदीखतच नाही, असं झालं तर तलाठी जे म्हणेल तेच तुमचं अ‍ॅप म्हणतंय.

मग क्रोमला कसं चालतं? लीफच्या आत ‘ऑथॉरिटी इन्फर्मेशन अ‍ॅक्सेस’ नावाचा एक भाग असतो, लोक त्याला एआयए म्हणतात. त्यात इंटरमीडिएट कुठून उतरवता येईल तो पत्ता दिलेला असतो. क्रोम, एज, सफारी तो पत्ता वाचून राहिलेली कडी स्वतः आणतात आणि तुम्हाला काही कळू देत नाहीत. फायरफॉक्स असा पत्ता शोधत जात नाही, पण त्याने वेगळी वाट काढली आहे: २०२० मधल्या आवृत्ती ७५ पासून माहितीतली इंटरमीडिएट सर्टिफिकेटं तो आधीच उतरवून ठेवतो. लिनक्सवरचा कर्ल, पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी, नोड, जावा आणि अँड्रॉइड अ‍ॅपमधलं ओके-एचटीटीपी यांच्यापैकी कोणीही मूळ स्वरूपात हे कष्ट घेत नाही. जावात त्यासाठी एक सिस्टिम प्रॉपर्टी आहे, पण ती बंदच असते. तेव्हा ‘माझ्याकडे तर उघडतंय’ हा सर्टिफिकेटच्या बाबतीत पुरावा नाही. ब्राउझर तुमची चूक झाकतोय, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

एकच दोष प्रत्येक ठिकाणी वेगळ्या नावाने ओरडतो, म्हणून लोक वेगवेगळ्या दिशांना शोधत बसतात. जावाच्या लॉगमध्ये ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’ येतं. नोड ‘अनेबल टू व्हेरिफाय लीफ सिग्नेचर’ म्हणतो. कर्ल एरर ६० देतो आणि सोबत ‘अनेबल टू गेट लोकल इश्युअर सर्टिफिकेट’. तुमच्या अँड्रॉइडचं वाक्य तुम्ही दिलंच आहे. पेमेंट गेटवेच्या डॅशबोर्डवर वेबहुकचे अयशस्वी प्रयत्न पाहिलेत तर यातलंच एखादं वाक्य तिथेही सापडेल.

आता खात्री करू. दुसऱ्या एखाद्या लिनक्स यंत्रावरून ओपनएसएसएल या सर्टिफिकेट हाताळणाऱ्या साधनाची एस_क्लायंट कमांड चालवा. तिला हायफन-कनेक्टपुढे डोमेन, कोलन आणि ४४३ द्या, हायफन-सर्व्हरनेमपुढे पुन्हा तेच डोमेन द्या आणि शेवटी हायफन-शोसर्ट्स लिहा. सर्व्हरनेम गाळू नका. ओपनएसएसएलच्या जुन्या आवृत्त्या ते आपणहून पाठवत नाहीत आणि मग त्याच आयपीवरच्या भलत्याच साइटचं सर्टिफिकेट पाहून तुम्ही गोंधळाल. इनपुट डेव्ह-नलमधून, म्हणजे रिकामं, दिलंत तर कमांड उत्तर देऊन लगेच सुटते, नाहीतर वाट बघत बसते.

उत्तरात ‘सर्टिफिकेट चेन’ या मथळ्याखालच्या ओळी बघा. प्रत्येक कडीला ०, १, २ असा क्रमांक, त्यापुढे ‘एस’ म्हणजे सर्टिफिकेट कोणाचं, आणि खालच्या ओळीत ‘आय’ म्हणजे सही कोणाची. शून्याची ‘आय’ ओळ आणि एकची ‘एस’ ओळ अक्षरशः सारखी हवी. एकची ‘आय’ आणि दोनची ‘एस’, तसंच पुढे. सगळ्यात शेवटच्या ‘आय’मध्ये एखाद्या रूटचं नाव हवं. तुमच्याकडे बहुतेक फक्त शून्य क्रमांकाची कडी दिसेल, वरच्या बाजूला चूक क्रमांक २० आणि अगदी खाली ‘व्हेरिफाय रिटर्न कोड: २१’, म्हणजे पहिलंच सर्टिफिकेट पडताळता आलं नाही. सगळं ठीक असेल तिथे हा कोड ० असतो.

ही चाचणी कुठून करता याला महत्त्व आहे. विंडोजसोबत येणारा कर्ल विंडोजचीच सर्टिफिकेट यंत्रणा वापरतो आणि ती यंत्रणा राहिलेली कडी ब्राउझरसारखीच आणू शकते, म्हणून तिथलं ‘ओके’ धरू नका. त्याच सर्व्हरवरून चाचणी करणंही फसवं ठरू शकतं. पूर्वी कोणीतरी इंटरमीडिएट त्या यंत्राच्या विश्वासू सर्टिफिकेटांच्या यादीत टाकून ‘दुरुस्ती’ केलेली असेल तर त्या एका यंत्रापुरतं सगळं हिरवंगार दिसतं. क्वालिसची एसएसएल लॅब्ज ही फुकट चाचणीही चांगली आहे. अर्धवट साखळी असेल तर ‘चेन इश्यूज’पुढे ‘इन्कम्प्लीट’ असं येतं आणि ग्रेड बीच्या वर जात नाही.

इथून पुढचं तुमच्या मांडणीवर अवलंबून आहे. डोमेनच्या पुढे क्लाउडफ्लेअरसारखी प्रॉक्सी किंवा क्लाउडचा लोड बॅलन्सर असेल तर बाहेरच्या जगाला त्याचं सर्टिफिकेट दिसतं, तुमच्या एनजिनएक्सचं नाही. मग साखळी तिथे भरायची. अ‍ॅमेझॉनच्या एसीएम या सर्टिफिकेट सांभाळणाऱ्या सेवेमध्ये बाहेरून घेतलेलं सर्टिफिकेट आयात करताना लीफ, प्रायव्हेट की आणि साखळी यांच्यासाठी तीन वेगळे रकाने असतात. तिसरा ऐच्छिक आहे, म्हणून लोक तो रिकामा सोडतात. सीपॅनेलमध्ये हाच रकाना ‘सीएबंडल’ या नावाने असतो. तुम्ही सांगितलंत त्यावरून तुमचं एनजिनएक्स थेट बाहेर उघडं आहे, म्हणून पुढचं तसं धरून लिहितो.

एनजिनएक्समध्ये इंटरमीडिएटसाठी वेगळी ओळच नाही. एसएसएल_सर्टिफिकेट ही ओळ ज्या फाइलकडे बोट दाखवते तिच्यातच सगळी साखळी एकाखाली एक ठेवायची असते. एसएसएल_ट्रस्टेड_सर्टिफिकेट या नावाला भुलून बंडल तिथे देणारे पुष्कळ आहेत. ती ओळ ओसीएसपी स्टेपलिंगच्या (सर्टिफिकेट रद्द झालेलं नाही याचा दाखला सोबत देण्याच्या) आणि क्लायंट सर्टिफिकेटांच्या पडताळणीसाठी आहे. त्या फाइलमधलं काहीही साखळी म्हणून बाहेर जात नाही.

तुमच्या झिपमध्ये डोमेनच्या नावाची एक फाइल आणि ‘सीए-बंडल’ अशा नावाची दुसरी असेल. कॅट कमांडने आधी डोमेनची फाइल आणि मग बंडल जोडून तिसरी फाइल तयार करा, नाव काहीही द्या, रूढ नाव फुलचेन. क्रम हाच: लीफ सगळ्यात वर, त्याखाली त्यावर सही करणारं, त्याखाली त्यावर सही करणारं. क्रम उलटला, म्हणजे बंडल वर गेलं, तर एनजिनएक्स प्रायव्हेट की पहिल्या सर्टिफिकेटशी जुळवायला जातं, ते इंटरमीडिएट निघतं, आणि ‘की व्हॅल्यूज मिसमॅच’ म्हणून रीलोड नाकारतं. ही चूक दिसली की लोक की बदलली असं समजून घाबरतात. आधी क्रम बघा.

रीसेलरने बंडल न देता चार सुटी सर्टिफिकेटं दिली असतील तर कोण कोणावर सही करतं ते ओपनएसएसएलच्या एक्स५०९ कमांडला सब्जेक्ट आणि इश्युअर हे पर्याय देऊन प्रत्येक फाइलवर तपासा. फाइलच्या नावावर विसंबू नका. फाइल उघडल्यावर ‘बिगिन सर्टिफिकेट’ ही ओळ न दिसता अगम्य चिन्हं दिसली तर ती डीईआर या बायनरी स्वरूपातली आहे. त्याच एक्स५०९ कमांडला इन्फॉर्म डीईआर सांगून ती पेममध्ये, म्हणजे ‘बिगिन’-‘एंड’ ओळींच्या मजकुरी स्वरूपात, बदलून घ्या. पी७बी फाइल मिळाली असेल तर पीकेसीएस७ कमांडला प्रिंट_सर्ट्स सांगा, आतली सगळी सर्टिफिकेटं बाहेर येतात.

जोडताना दोन बारीक खड्डे आहेत आणि दोन्ही नुसत्या नजरेला चटकन दिसत नाहीत.

पहिला, ओळ न तुटणं. डोमेनच्या फाइलच्या शेवटी एंटर नसेल तर कॅट दोन्ही फाइली चिकटवून टाकतं. ‘एंड सर्टिफिकेट’नंतरचे पाच डॅश आणि ‘बिगिन सर्टिफिकेट’आधीचे पाच डॅश एकाच ओळीत येऊन सलग दहा डॅश होतात. ओपनएसएसएल ‘बॅड एंड लाइन’ म्हणून हात वर करतं. फाइल उघडून त्या दहा डॅशांच्या मधोमध एंटर मारायचा, बस.

दुसरा जास्त लबाड आहे. विंडोजवरच्या काही एडिटरांत फाइल ‘यूटीएफ-८ विथ बीओएम’ अशी जतन होते आणि सुरुवातीला तीन अदृश्य बाइट बसतात. ओपनएसएसएल ‘बिगिन’ने सुरू होणारी ओळ शोधत असतं. पहिली ओळ त्या बाइटांमुळे जुळत नाही, म्हणून ते अख्खं पहिलं सर्टिफिकेट ओलांडून दुसऱ्यावर जातं. परिणाम पुन्हा ‘की व्हॅल्यूज मिसमॅच’, आणि यावेळी क्रम तर बरोबर दिसतोय! असं वाटलं तर फाइलचे पहिले काही बाइट हेक्सडम्पमध्ये बघा. ईएफ, बीबी, बीएफ दिसले की चोर सापडला. सर्टिफिकेटच्या फाइली विंडोजवर उघडूच नयेत, जोडाजोडी सर्व्हरवरच करावी, हे माझं मत त्यावरूनच बनलंय.

फाइल तयार झाली की ग्रेपने ‘बिगिन सर्टिफिकेट’ किती वेळा येतं ते मोजा. दोन किंवा तीन यायला हवेत. एक आला तर जोडणी झालीच नाही. आत काय आहे ते पाहायला एक्स५०९ कमांड वापराल तर ती फाइलमधलं पहिलंच सर्टिफिकेट दाखवून थांबते, बाकीचे आहेत की नाहीत ते सांगत नाही. सगळे एका दमात पाहायचे तर सीआरएल२पीकेसीएस७ कमांडला नोसीआरएल आणि सर्टफाइल हे पर्याय द्या आणि तिचं उत्तर पाइपने पीकेसीएस७च्या प्रिंट_सर्ट्स, नोआउटकडे सोडा. सगळ्यांची सब्जेक्ट-इश्युअर जोडी ओळीने छापून येते.

मग एनजिनएक्सला हायफन-छोटा टी देऊन कॉन्फिग तपासा, ‘सक्सेसफुल’ आलं तरच सिस्टिमसीटीएलने रीलोड करा. रीस्टार्टची गरज नाही. रीलोडमध्ये चालू जोडण्या तुटत नाहीत. तरीही बाहेरून जुनीच साखळी दिसत असेल तर मोठा टी वापरा, म्हणजे एनजिनएक्स सगळ्या इन्क्लूडसकट पूर्ण कॉन्फिग छापून दाखवतं. त्यात एसएसएल_सर्टिफिकेट किती ठिकाणी आहे ते शोधा. बहुतेक वेळा दुसऱ्या सर्व्हर ब्लॉकमध्ये जुन्या फाइलचा पाथ राहिलेला असतो. आरएसए आणि ईसीडीएसए अशा दोन प्रकारच्या कीची दोन सर्टिफिकेटं लावली असतील तर दोन्ही फाइलींत आपापली साखळी हवी. एकीत आहे आणि दुसरीत नाही, अशी स्थिती असली की काही क्लायंट चालतात, काही नाही, आणि डोकं भणभणतं. आयपीव्ही६ चा रेकॉर्ड वेगळ्या सर्व्हरकडे जात असेल तरी असंच होतं. म्हणून एस_क्लायंट एकदा ४ आणि एकदा ६ हा पर्याय देऊन चालवा.

रूट पाठवायचं का? नको. समोरच्याकडे ते असेल तर तुमचं लागत नाही, नसेल तर तुम्ही पाठवलेल्यावर तो विश्वास ठेवणार नाही. पाठवलं म्हणून काही मोडत नाही, पण प्रत्येक नव्या जोडणीत एक-दीड किलोबाइट फुकट जातात. एसएसएल लॅब्ज त्याला ‘कंटेन्स अँकर’ म्हणते. ते पाहून घाबरायचं कारण नाही, सवडीने काढा.

बंडलमध्ये मात्र एक गोष्ट जरूर बघा: क्रॉस-साइन केलेली जुनी कडी. नवं रूट जुन्या यंत्रांत नसतं, म्हणून संस्था त्यावर जुन्या रूटची सहीही घेऊन ठेवते आणि ती जास्तीची कडी बंडलमध्ये देते. जुनं रूट संपलं की हीच कडी गळ्याशी येते. ३० मे २०२० ला अ‍ॅडट्रस्टचं रूट संपलं तेव्हा नेमकं हेच घडलं. यूजरट्रस्टचं नवं रूट यंत्रांत होतं, तरी ओपनएसएसएल १.०.२ आणि त्याआधीच्या आवृत्त्या सर्व्हरने पाठवलेल्या वाटेनेच वर जात राहिल्या, संपलेल्या रूटपाशी पोचल्या आणि जोडणी नाकारली. ओपनएसएसएल १.१.० पासून आधी स्वतःकडची यादी बघण्याची पद्धत रूढ झाली. ३० सप्टेंबर २०२१ ला फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टच्या बाबतीत डीएसटी रूट सीए एक्स३ संपलं तेव्हाही जुनी यंत्रं अशीच अडली. तेव्हा फुलचेनमधल्या प्रत्येक सर्टिफिकेटची शेवटची तारीख तपासा, एकट्या लीफची नको. वर्षानुवर्षं तेच बंडल नव्या लीफखाली चिकटवत राहिलात तर कधीतरी ही पाळी येणारच. नवं सर्टिफिकेट आलं की बंडलही त्यासोबतचंच घ्यायचं.

तुमचं अ‍ॅप किती जुन्या फोनांवर चालायला हवं, यावरही थोडं अवलंबून आहे. अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनांत लेट्स एन्क्रिप्टचं आयएसआरजी रूट एक्स१ नाही. ते फोन जुन्या क्रॉस-साइनवर चालत होते आणि त्या क्रॉस-साइनची मुदत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. तुमच्या वापरकर्त्यांत असे फोन असतील तर साखळी कितीही नीट लावली तरी ते लेट्स एन्क्रिप्टच्या सर्टिफिकेटवर चालणार नाहीत. जुनं रूट असलेल्या दुसऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट घ्यावं लागेल, किंवा आयएसआरजी रूट एक्स१ अ‍ॅपच्या नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिगमधून द्यावं लागेल, पण ती सोय अँड्रॉइड ७.० पासूनच आहे.

दुसऱ्या सर्व्हरवाल्यांसाठी झटपट. अपाचेत २.४.८ पासून साखळी एसएसएलसर्टिफिकेटफाइलमध्येच लीफखाली ठेवतात आणि एसएसएलसर्टिफिकेटचेनफाइल ही ओळ जुनी ठरली. पण सेंटओएस ७ वर २.४.६ होतं, तिथे चेनफाइलच लागते. एचएप्रॉक्सीला रूढ पद्धतीने लीफ, साखळी आणि प्रायव्हेट की एकाच पेम फाइलमध्ये देतात, म्हणून त्या फाइलची परवानगी ६०० ठेवा. टॉमकॅटसाठी ओपनएसएसएलच्या पीकेसीएस१२ एक्स्पोर्टमध्ये सर्टफाइल हा पर्याय देऊन बंडल आत घाला, आणि कीटूलच्या यादीत ‘सर्टिफिकेट चेन लेंग्थ’ १ येत असेल तर ते आत गेलं नाही असं समजा. आयआयएस साखळी फाइलमधून वाचत नाही, ते विंडोजच्या स्टोअरमधून बनवतं. म्हणून इंटरमीडिएट ‘लोकल कॉम्प्युटर’च्या ‘इंटरमीडिएट सर्टिफिकेशन अथॉरिटीज’मध्ये हवं. डबल-क्लिक करून आयात केलं की ते बहुधा ‘करंट यूजर’मध्ये जाऊन बसतं आणि आयआयएसला दिसत नाही.

लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट आपोआप काढणारा सर्टबॉट वापरणार असाल तर तो लाइव्ह फोल्डरमध्ये चार फाइली ठेवतो: सर्ट, चेन, फुलचेन आणि प्रिव्हकी. एनजिनएक्सला फुलचेन द्या, सर्ट नव्हे. अर्ध्या तक्रारी या एका ओळीने मिटतात. इंटरमीडिएट कायम तेच राहील असंही धरू नका. जून २०२४ पासून लेट्स एन्क्रिप्ट एकाच वेळी अनेक इंटरमीडिएट वापरतं आणि तुम्हाला कोणतं मिळेल ते ठरलेलं नसतं. अ‍ॅपमध्ये इंटरमीडिएट पिन करून ठेवलं, म्हणजे फक्त तेच मानायचं असं पक्कं केलं, असेल तर पुढच्या नूतनीकरणाला अ‍ॅप पुन्हा अडेल.

नूतनीकरण हाताने करणं आता फार काळ परवडणार नाही. सर्टिफिकेटची कमाल मुदत पूर्वी ३९८ दिवस होती. १५ मार्च २०२६ पासून ती २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस अशी ठरली आहे. म्हणजे ही जोडाजोडी वर्षाला आठ वेळा करायची पाळी येईल. रीसेलर एसीएमई (सर्टिफिकेट आपोआप काढण्याची पद्धत) देत असेल तर आत्ताच त्यावर जा. देत नसेल तर निदान जोडणीची स्क्रिप्ट करून ठेवा, तिच्यात ओपनएसएसएलची व्हेरिफाय कमांड घाला: सीएफाइलला रूट, अनट्रस्टेडला बंडल आणि शेवटी लीफ. इथे फुलचेन एकटी देऊन ‘ओके’ची अपेक्षा करू नका. व्हेरिफाय तिच्यातलं पहिलंच सर्टिफिकेट वाचते, बाकीची साखळी अनट्रस्टेडमधून वेगळी मागते. रीलोडनंतर बाहेरच्या यंत्रावरून एस_क्लायंट चालवून रिटर्न कोड ० आला नाही तर मेल जाईल अशी नोंद क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या यंत्रणेत) टाका.

दुरुस्ती झाल्यावर पेमेंट गेटवेच्या डॅशबोर्डवरून अडकलेले वेबहुक पुन्हा पाठवता येतात का ते बघा. बरेच गेटवे ठरावीक काळच पुन्हा प्रयत्न करतात, त्यामुळे मधल्या दिवसांचे व्यवहार त्यांच्या रिपोर्टशी हाताने ताडून घ्यावे लागतील. एवढं करूनही अडलं तर एस_क्लायंटच्या उत्तरातला ‘सर्टिफिकेट चेन’चा भाग आणि शेवटचा रिटर्न कोड इथे चिकटवा. प्रायव्हेट कीची फाइल मात्र कोणी मागितली तरी कुठेही टाकू नका, ती निदानाला लागतच नाही.